तक्त्याची खालची ओळ

शस्त्रक्रियेनंतर माझ्या वडिलांना, आबांना, प्रत्येक दिव्याचे दोन दिवे दिसू लागले. एक मोठा आणि त्याच्या शेजारी एक लहान. जाड भिंगाचा चष्मा लावला की उजव्या डोळ्याला सारे जग फुगलेले आणि जवळ सरकलेले दिसे, आणि डाव्या, हात न लावलेल्या डोळ्याला ते पूर्वीइतकेच दिसे. ही दोन जगे एकमेकांवर बसत नसत. चहाचा कप उचलताना आबांचा हात कपाच्या बाजूच्या हवेत मिटे. चष्मा काढून ठेवला, तर उजवीकडे नुसता पांढुरका उजेड उरे. घरात हे सावरून घेता येत होते. आई कप त्यांच्या हातातच देऊ लागली. पण आबा दौंडच्या यार्डात पॉइंट्समन होते, म्हणजे गाड्यांचे सांधे बदलणे आणि रात्री हातातल्या दिव्याने इंजिनाला खूण करणे हे त्यांचे काम होते. एका सिग्नलचे दोन सिग्नल पाहणाऱ्या माणसाला रेल्वे यार्डात उभे करत नाही, आणि ते योग्यच आहे.

त्यांना फलाट झाडण्याचे काम देण्यात आले. नोकरी राहिली, म्हणून लोकांनी आम्हाला नशीबवान म्हटले. कवठे येमाईहून आबा तरुणपणी निघाले होते ते गावकीचा झाडू हातातून टाकून. हे ते कधी बोलून दाखवत नसत. फलाटावरचा झाडू मात्र ते घरी आणत नसत आणि त्याविषयी कोणी विचारलेलेही त्यांना चालत नसे.

मी त्या वेळी शिरूरच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. जुनी माणसे शिरूरला घोडनदीच म्हणत. तिथे मला भाड्याची खोली मिळायला बराच वेळ लागला. त्याचे कारण कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. न विचारणे माझ्या स्वभावातच होते. शस्त्रक्रिया शिरूरमध्येच झाली होती, परंतु मी तिथे येण्यापूर्वी. आबांनी ते गाव निवडले होते ते दौंडचे कोणी आपल्याला पाहू नये म्हणून.

याचे कारण रेल्वेच्या बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. यार्डात कोळशाचा धूर आणि बारीक कण सतत डोळ्यांत जात. त्या हिवाळ्यात आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. रेल्वेच्या डॉक्टरकडे गेले असते तर औषध मिळाले असते, पण त्यांच्या कागदांवर ‘डोळ्यांची तक्रार’ असे दोन शब्दही चढले असते, आणि दूरच्या नजरेवर ज्याची भाकरी आहे त्याला त्या दोन शब्दांची धास्ती असे. म्हणून यार्डातली माणसे डोळ्यांसाठी रेल्वेच्या डॉक्टरकडे कधीच जात नसत. पाय मोडला, ताप आला, तर जात. डोळ्यांसाठी बाहेर, आणि शक्य तितके दूर जात. आबा तसेच गेले, आठवड्याच्या सुटीला एस.टी.ने, कोणाला न सांगता.

शिरूरच्या पेठेतल्या त्या डॉक्टरला मी पुढे कोर्टात अनेकदा पाहिले. तो दुष्ट दिसत नसे. मृदू बोलणारा, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणारा माणूस. त्याने विजेरीचा झोत आबांच्या डोळ्यांत टाकला आणि सांगितले की मोतीबिंदू धरला आहे. पिकेपर्यंत थांबलात तर आतच फुटेल, मग डोळा जाईल. डोळा जाईल हे ऐकल्यावर आबांनी पुढचे काही ऐकले नसावे. त्यांनी एवढेच विचारले की हे रेल्वेला कळेल का. डॉक्टर म्हणाला, कशाला कळेल. त्याच आठवड्यात, आबा रजेवर असताना, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

नंतर पुण्याच्या सरकारी रुग्णालयात एका वयस्क डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. डावा डोळा अगदी स्वच्छ होता. उजव्यात काही असलेच तर ते फार थोडे असणार, या स्थितीत कोणी चाकू लावत नाही, थेंब टाकून भागले असते, असे ते मला बाजूला घेऊन म्हणाले. कोर्टात येऊन हे सांगाल का, असे मी विचारले. तेवढे विचारण्यासाठी मला माझी सारी हिंमत गोळा करावी लागली होती. ते म्हणाले, “बाई, डोळ्यातून काढलेली वस्तू मी पाहिलेली नाही. पाहिली नाही त्याची साक्ष देत नाही.” त्यांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

दावा लावण्याची कल्पना माझी नव्हती. ती आबांची होती, आणि तिने आम्हा सर्वांना चकित केले. नुकसानभरपाईचा आकडा वकिलांनी घातला, त्याकडे आबांचे लक्ष नव्हते. त्यांना दुसरेच काहीतरी हवे होते. ते त्यांनी वकिलांच्या घराच्या ओसरीवर बसून स्पष्ट सांगितले.

“कोर्टानं एकडाव म्हनावं, साहेब. डोळा चांगला व्हता आन् उगाच काढला. बास.”

“एवढंच म्हणून कोर्ट थांबत नाही हो,” वकीलसाहेब हसून म्हणाले.

“मग म्होरचं तुम्ही मागा. माझं एवढंच हाय.”

वकीलसाहेब शिरूरचेच, उतारवयाचे आणि काहीसे निरुत्साही गृहस्थ होते. काळा कोट ते घडी घालून हातावर घेऊन चालत आणि कोर्टाच्या पायरीवरच अंगात चढवत. डॉक्टरवर दावा त्या तालुक्यात कोणी लावल्याचे त्यांना आठवत नव्हते. इतर रोगी पुढे आले तर बरे, असे त्यांनी सुचवले, म्हणून आबा आणि मी एका रविवारी कवठे येमाईला गेलो. तिथली दोन-तीन माणसे त्याच दवाखान्यातून डोळ्यावर हिरवे फडके बांधून आली होती. एका म्हातारीच्या दारात आम्ही बसलो. तिच्याही एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तो पुरता गेला होता. डॉक्टरविरुद्ध बोलशील का, असे आबांनी विचारल्यावर ती म्हणाली, “त्यो देवमानूस हाय, बाबा. दुसरा डोळा ऱ्हाऊ दिला की त्यानं.” तिचा मुलगा खो-खो हसला. आबाही हसले. परतताना एस.टी.त ते सगळा वेळ खिडकीबाहेर, हात लावलेला डोळा मिटून, पाहत होते.

मग वकीलसाहेबांना एक आधार सापडला. शस्त्रक्रियेच्या काही महिने आधीच आबांची रेल्वेकडून ठरावीक मुदतीने होणारी नजरेची तपासणी झाली होती आणि त्यांनी तक्त्याची अगदी खालची ओळही वाचली होती. तसा दाखला रेल्वेकडून कोर्टात आला. वकीलसाहेबांचा निरुत्साह गेला. जो माणूस हिवाळ्याच्या आधी खालची ओळ वाचतो त्याला हिवाळ्यात काढण्याजोगा मोतीबिंदू कुठून आला, असे ते मला पुन्हा पुन्हा विचारत, जणू मीच न्यायाधीश होते.

एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी ती विचारली नाही, आणि आम्हाला ती सांगण्यासारखी वाटली नाही. श्वास घेतो हे कोणी सांगते का, तशी ती आमच्या क्वार्टर्समध्ये होती.

नजरेच्या तपासणीला दौंडची माणसे टोळीने, पासावर, दुसऱ्या गावी जात. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर सारे बसत आणि एकेकाला आत बोलावले जाई. तक्ता इंग्रजी अक्षरांचा होता आणि वर्षानुवर्षे तोच होता. ज्याची नजर सर्वांत चांगली त्याला टोळीतून आधी आत पाठवायचे, अशी रीत होती. त्याने वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि बाहेर आल्यावर तंबाखू मळता मळता ओळी पुटपुटायच्या. बाकावरच्यांनी त्या घोकायच्या. ज्यांची नजर अधू झाली होती त्यांची पुढची काही वर्षे अशी निभत. पुढे पुढे तर आमच्या चाळीत पाढ्यांसारखा तो तक्ता म्हटला जाई. ज्यांना स्वतःची इंग्रजी सही येत नव्हती तेही ‘टी, ओ, झेड’ म्हणत. आणि आत आधी जाणारा माणूस, मला कळू लागल्यापासून, आबा असत. त्यांना ही अक्षरे मालडब्यांवरून येत होती. ती त्यांनी कोणाकडून पाठ केली नव्हती. ती त्यांनी वाचली होती; बाकीच्यांनी त्यांच्याकडून घेतली होती.

त्यांच्याकडून घेणाऱ्यांत शेजारच्या खोलीतले केबिनमन होते. मी त्यांना मामा म्हणत असे. रेल्वेच्या मोठ्या संपात आबांना पोलिसांनी नेले तेव्हा आमच्या घरची चूल मामांच्या घरातून पेटत होती. मामांना लांबचे फारसे दिसत नाही हे चाळीत सर्वांना माहीत होते. ते केबिनमध्ये सिग्नलचे आणि सांध्यांचे लिव्हर ओढत. कोणता लिव्हर कोणता हे त्यांचे हात ओळखत. मी एकदा आबांना विचारलेही होते की हे बरे आहे का, गाड्या माणसांनी भरलेल्या असतात. त्यांनी हातातली तंबाखू मळून संपवली. मग म्हणाले, “मलाबी भ्या वाटतं. पर त्याची चार पोरं माझ्या दारात खेळत्यात.” यापुढे हा विषय आमच्यात निघाला नाही.

आबांच्या साक्षीचा दिवस उन्हाळ्यातला होता. पट्टेवाल्याने त्यांचे नाव पुकारले तेव्हा ते धुतलेल्या पांढऱ्या टोपीत, चष्म्यासकट, पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. पायरी चढताना त्यांचा पाय पायरीच्या अलीकडे पडला, पण त्यांनी स्वतःला सावरले. सरतपासणी चांगली झाली. दाखला वाचला गेला. मी मागच्या बाकावर बसले होते आणि माझ्या मनात प्रथमच असे आले की हे होऊ शकेल.

डॉक्टरचे वकील दौंडच्या रेल्वेवाल्यांचे बरेच दावे चालवत. हे आम्हाला माहीत होते, पण त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला नव्हता. डोळ्याची तक्रार होती तर रेल्वेच्या डॉक्टरकडे का गेला नाहीत, हे त्यांनी आधी विचारले. आबांनी जे होते ते सांगितले. मग ते अगदी ओळखीच्या सुरात म्हणाले, “आबा, तो तपासणीचा तक्ता इंग्रजी असतो ना?”

“व्हय.”

“आणि दरवेळी तोच असतो.”

“तोच असतो.”

“तो तुम्हाला पाठ होता की नाही?”

आबांनी आमच्या वकिलांकडे पाहिले नाही आणि माझ्याकडेही पाहिले नाही. “व्हता,” ते म्हणाले.

“म्हणून दाखवता?”

आबांनी म्हणून दाखवला. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत, चाळीत म्हणत त्याच चालीवर, सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरापासून एकेक ओळ, अगदी खालच्या ओळीपर्यंत. कुठेही अडखळले नाहीत. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही मान खाली घातली, ती बहुधा हसू लपवण्यासाठी. डॉक्टरचे वकील फक्त म्हणाले, “आता भिंतीवर काही लिहिलेलं आहे का, आबा?” आणि खाली बसले.

दुपारच्या सुटीत वकीलसाहेबांनी आबांना कोर्टाच्या मागच्या बाजूला नेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवलीत, असे ते चिडून बोलत होते. आबांनी त्यांना तक्त्याची रीत समजावून सांगितली. सांगताना आपण आधी आत जात होतो, हेही ओघाने सांगून गेले. वकीलसाहेब बोलायचे थांबले. ही गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, सांगायला लावली.

“म्हणजे तुम्ही पाठ करून वाचत नव्हता. वाचून इतरांना पाठ करून देत होता.”

“तसंच म्हना.”

“अहो, मग झालं की. यापेक्षा चांगला पुरावा कुठला? टोळीत तुमचाच डोळा सगळ्यांत चांगला, म्हणून तर तुम्हाला पुढं घालत. मी फेरतपासणीत विचारतो. तुम्ही एवढंच सांगा. आणि त्यातल्या दोघांना मी समन्स काढून बोलावतो.”

“कुनाला?”

“ज्यांना तुम्ही ओळी सांगितल्यात, त्यांना.”

आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी प्यायला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाले, “त्ये जमायचं न्हाई, साहेब.”

वकीलसाहेबांनी समजावले. रागावले. नावे न घेता नुसती रीत सांगा, असेही म्हणाले. आबा म्हणाले, रीत सांगितली की पुढचा सवाल नावाचाच येतो. मी खोटं बोलणार न्हाई, आन् नावं देणार न्हाई. नावं गेली की उद्या त्या माणसांच्या हातात झाडू येईल. तो कसा असतो मला ठावं हाय.

“मग हा दावा लावलात कशाला?” वकीलसाहेबांनी विचारले. त्यांचा आवाज आता चिडका नव्हता, थकलेला होता.

“डाक्टरवर लावला,” आबा म्हणाले. “दौंडवर न्हाई लावला.”

पिंजऱ्यात उभे राहिल्यावर शपथेमुळे तरी ते बोलतील, अशी वकीलसाहेबांना आशा असावी. त्यांनी प्रश्न विचारलाच. तक्ता तुम्हाला पाठ कसा झाला?

आबा गप्प राहिले. न्यायाधीशांनी लेखणी थांबवून वर पाहिले. “आठवत नाही, की सांगायचं नाही?”

त्या क्षणी ‘आठवत नाही’ असे म्हणणे किती सोपे होते. मी मागच्या बाकावर हाताची बोटे एकमेकांत गुंतवून बसले होते. मी साक्षीदार नव्हते. बोलण्याचा मला अधिकार नव्हता, आणि ज्यांना तो होता त्यांनी काय ठरवले आहे हे मला दिसत होते.

“सांगायचं न्हाई, साहेब,” आबा म्हणाले.

न्यायाधीशांनी तसे लिहून घेतले.

त्यानंतर तारखा पडत गेल्या आणि निकाल पुढच्या पावसाळ्यात लागला. दावा फेटाळला गेला. शस्त्रक्रियेपूर्वी वादीची दृष्टी चांगली होती हे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा सारांश होता. न्यायाधीशांनी तो शांतपणे वाचला. त्यांच्यापुढे जे होते त्यावरून दुसरे काही ठरवता आले असते असे मला वाटत नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरने आबांना वाकून नमस्कार केला. आबांनी, सवयीने, तो स्वीकारला. अपील करायचे का, असे वकीलसाहेबांनी विचारले. आबा म्हणाले, “त्येबी हेच म्हनतील.” मग माझ्या खोलीवर येऊन ते भिंतीला टेकून बसले आणि थोड्या वेळाने बोलले, तेही माझ्याशी नव्हे, “चांगला व्हता की.” मी स्वयंपाकाला लागले.

गोष्ट इथे संपली असती तर आबांच्या गप्प राहण्याला काही फळ आले, असे मला आज लिहिता आले असते. तसे झाले नाही. कोर्टात तक्ता म्हणून दाखवणाऱ्या पॉइंट्समनची हकीकत दौंडमध्ये लोक हसून एकमेकांना सांगत राहिले, आणि ती कधीतरी साहेब लोकांपर्यंत पोहोचली. नावे कोणाचीच कळली नव्हती, तशी गरजही पडली नाही. पुढच्या तपासणीला टोळी गेली तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावरून सारे जुनाच तक्ता घोकत आत गेले, आणि आत नवा तक्ता होता; अक्षरे वेगळी, आणि प्रत्येकाच्या वेळी पालटता येणारा. त्या टोळीतली काही माणसे आपल्या जागेवर परत आली नाहीत. मामा त्यांच्यात होते.

मी सुटीला दौंडला आले होते. संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते, मी आत तांदूळ निवडत होते. मामा आले आणि ओट्याच्या खाली उभे राहिले. रोज ते न विचारता वर येऊन बसत.

“झालं, आप्पा,” ते म्हणाले. आबांना ते आप्पा म्हणत. “सोमवारपासनं तुमच्या संगं. फलाटावर.”

आबांनी सरकून शेजारी जागा केली.

“तुमचा डोळा डाक्टरनं नेला. आमचे तुम्ही नेले.” मामांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणे अधिक अवघड होते. “कोर्टात बडबडायचं काय नडलं व्हतं? पाठ न्हाई म्हनायचं. कोन बघाय आलं व्हतं?”

मी ताट खाली ठेवून दारात आले. दुपारच्या सुटीत कोर्टाच्या मागे काय झाले, फेरतपासणीत काय विचारले गेले आणि आबा कशासाठी गप्प राहिले, हे सारे माझ्या ओठांवर होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला भीड वाटत नव्हती. आबांनी मागे वळून पाहिले नाही. फक्त माझ्या बाजूचा हात उचलून तळवा दाराकडे धरला, गाडीला ‘थांब’ म्हणताना धरतात तसा. मी थांबले.

“बस,” ते मामांना म्हणाले. “च्या घे.”

मामा बसले नाहीत. थोडा वेळ ते तिथेच उभे राहिले आणि मग आपल्या खोलीकडे गेले. पुढची कितीतरी वर्षे ते दोघे एकाच फलाटाची दोन टोके झाडत होते, आणि मधल्या जागेत समोरासमोर आले की एकमेकांना वाट देत.